एकोणतीस विजय, एक हार

लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात बास्केटबॉलच्या सरावाचा पहिला दिवस ठरलेल्या धड्याने सुरू होई. देशभरातून निवडून आणलेली, वर्तमानपत्रांत फोटो झळकलेली मुले बाकावर बसत आणि जॉन वुडन नावाचे चष्मा लावणारे, हळू आवाजात बोलणारे प्रशिक्षक त्यांना पायमोजे कसे घालायचे ते शिकवत. टाचेपाशी सुरकुती नको, करंगळीपाशी नको. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. मोज्यांनंतर बूट, बुटांनंतर नाडीची गाठ. मुले हसू दाबत एकमेकांकडे बघत. वुडन सरांना त्याचे काही वाटत नसे. ते मूळचे शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर होते, आणि पहिल्या तासाला मुले हसतात हे कोणत्याही मास्तराला माहीत असते.

१९६५ साली त्या बाकावर न्यूयॉर्कहून आलेला अठरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. उंची सात फुटांहून अधिक. नाव लू अल्सिंडर. पुढे सारे जग त्याला करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखू लागले. हे नाव आपल्या घरांतही अनेकांनी ऐकलेले असते, तेही बहुधा ‘एक मोठा खेळाडू मुसलमान झाला’ एवढ्या एका वाक्यात. त्या वाक्याच्या आधीचे एक वर्ष मला महत्त्वाचे वाटते. १९६७-६८च्या हंगामात त्याच्या कॉलेजच्या संघाने तीस सामने खेळले, एकोणतीस जिंकले आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. एक सामना हरले. त्याच वर्षी हा मुलगा आतल्या आत आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय घेत होता.

बास्केटबॉल आपल्याला अगदी परका नाही. मुंबईच्या नागपाड्यात मस्तान तलावापाशी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. भारताचे कर्णधार राहिलेले, १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. ज्यांच्या गावात मैदान नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, जमिनीपासून दहा फुटांवर लोखंडी कडे, त्यात वरून चेंडू टाकायचा. त्या काळी कॉलेजच्या सामन्यात मैदानावरून टाकलेल्या प्रत्येक गोलाला दोन गुण मिळत, मग तो जवळून असो वा लांबून. उंच मुलाला याचा फायदा होतो हे उघडच आहे. पण नुसत्या उंचीने अजिंक्यपदे मिळाली असती, तर प्रशिक्षकांना मोज्यांची पंचाईत करावी लागली नसती.

लूचे वडील न्यूयॉर्कच्या रेल्वे-बस पोलिसांत नोकरीला होते, पण मन संगीतात. जुलियार्डसारख्या नामांकित संस्थेत शिकलेले ते जॅझ वादक होते. घर कॅथलिक ख्रिस्ती, शाळाही कॅथलिक. शाळेच्या संघाने सलग ७१ सामने जिंकले होते. त्या यशात एक काटा मात्र होता. एका सामन्याच्या मध्यंतरात, लू मन लावून खेळत नाही असे वाटल्याने प्रशिक्षकांनी काळ्या माणसांसाठी वापरली जाणारी ती घाणेरडी शिवी त्याला उद्देशून वापरली. मुलाला चेव यावा हा त्यांचा हेतू होता म्हणे. संघ तो सामना जिंकलाही. पण मुलगा ते कधी विसरला नाही. शिक्षकाच्या तोंडून गेलेला शब्द कुठे जाऊन बसतो, हे वर्गात रोज उभे राहणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे.

१९६४च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये दंगल उसळली. पंधरा वर्षांच्या एका काळ्या मुलाला पोलिसाने गोळी घातली होती. लू तेव्हा सतरा वर्षांचा, आणि त्याच हार्लेममध्ये मुलांसाठी चालवलेल्या एका कार्यक्रमात पत्रकारिता शिकत होता. डोक्यावरून गोळ्या जाताना त्याने ऐकल्या. त्याच उन्हाळ्यात मार्टिन लूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेत त्याला उभे राहायला मिळाले. म्हणजे मोजे शिकायला बाकावर बसलेला हा मुलगा नुसता चेंडू घेऊन आलेला नव्हता.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा संघ वेगळा असायचा. युसीएलएचा मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता होता. नोव्हेंबर १९६५मध्ये नव्या बंदिस्त क्रीडागृहात दोघांचा मैत्रीचा सामना झाला. नवख्यांनी देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या संघाला ७५-६० असे हरवले. लूचे ३१ गुण. पुढच्या वर्षी मुख्य संघातून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात त्याने ५६ गुण केले, आणि त्या हंगामात संघ तीसपैकी तीस सामने जिंकून अजिंक्य ठरला.

मग नियम बदलला. उडी मारून चेंडू थेट कड्यात वरून कोंबायचा, याला ‘डंक’ म्हणतात. १९६७च्या हंगामानंतर कॉलेजच्या खेळात डंकवर बंदी आली, ती १९७६पर्यंत राहिली. बंदी सर्वांसाठी होती, पण लोकांनी तिला नाव दिले ‘अल्सिंडर नियम’. लूला हा अन्याय वाटला, आणि तो काळ्या खेळाडूंना दाबण्यासाठीच आहे अशी शंकाही आली. वुडन सरांनी त्याला समजावले की यातून तू अधिक चांगला खेळाडू होशील. वडीलधारी माणसे असे नेहमीच म्हणतात आणि मुलांना त्याचा राग येतो. पण लूने लहानपणी शिकलेला एक फटका पुन्हा हातात घेतला: कड्याकडे बाजू करून, एक हात पूर्ण उंच नेऊन, मनगटाच्या झटक्याने चेंडू कमानीत सोडायचा. हाच तो ‘स्कायहुक’. पुढे व्यावसायिक खेळात त्याने ३८,३८७ गुण केले. हा विक्रम २०२३पर्यंत टिकला, आणि त्यात या फटक्याचा वाटा फार मोठा होता.

त्याच वर्षी जूनमध्ये, वीस वर्षांचा लू क्लीव्हलँड शहरात एका खोलीत बसला होता. समोर मुहम्मद अली. अलींनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता, त्यांचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले होते आणि तुरुंगवास समोर दिसत होता. फुटबॉलपटू जिम ब्राउन यांनी देशातल्या नामवंत काळ्या खेळाडूंना बोलावले होते, अलींची बाजू ऐकून घ्यायला. बास्केटबॉलचे बिल रसेलही होते. त्या सगळ्यांत कॉलेजात शिकणारा आणि वयाने सर्वांत लहान तोच. तासन्‌तास प्रश्नोत्तरे झाली, आणि बाहेर येऊन सर्वांनी अलींच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. धर्मासाठी एखादा माणूस काय काय सोडू शकतो, हे लूने पुस्तकात नव्हे, चार हातांवर बसून पाहिले.

पुस्तकेही चालू होतीच. कॉलेजच्या पहिल्या वर्षातच त्याने मालकम एक्स यांचे आत्मचरित्र वाचले होते. मालकम १९६४ साली हजला गेले. तिथे गोरे, काळे, गव्हाळ सारे एकाच रांगेत पाहून गोऱ्या माणसांबद्दलची त्यांची जुनी मते बदलली. त्या भागाने लूच्या मनात घर केले. त्याने कुरआनचा अनुवाद मिळवला. हे सारे तो कोणाशी फारसे बोलत नसे. संघातल्या मुलांना तो अबोल, थोडासा दूर राहणारा वाटे.

डिसेंबर १९६७मध्ये हंगाम सुरू झाला तोच धक्क्याने. पहिला सामना होता पर्ड्यू विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या क्रीडागृहात. वुडन सर स्वतः तरुणपणी पर्ड्यूकडूनच खेळलेले. सामना बरोबरीत असताना, अगदी शेवटच्या क्षणी बिल स्वीक या राखीव खेळाडूचा चेंडू कड्यात गेला आणि युसीएलए ७३-७१ असे निसटले. अजिंक्य संघाला कोणीही गाठू शकतो हे पहिल्याच दिवशी कळले. तरी विजयांची साखळी चालू राहिली. आधीच्या हंगामांतले धरून सलग ४७ विजय झाले.

जानेवारीत एका सामन्यात लूच्या डाव्या डोळ्याला बोट लागून बुबुळावर ओरखडा उठला. दोन सामने तो बाहेर राहिला. डोळ्यावर पट्टी, सराव बंद. आणि नेमका समोर उभा राहिला ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्धचा सामना. पहिल्या क्रमांकाचा संघ विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा, दोघेही अपराजित.

हा सामना नेहमीच्या क्रीडागृहात नव्हता. बेसबॉलसाठी बांधलेल्या ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या अवाढव्य स्टेडियममध्ये, मधोमध लाकडी फळ्यांचे मैदान मांडले होते. त्या फळ्या लॉस एंजेलिसहून आणल्या होत्या. २० जानेवारी १९६८च्या रात्री ५२,६९३ लोक जमले. कॉलेज बास्केटबॉलचा साधा साखळी सामना रात्रीच्या मुख्य वेळेत देशभर टीव्हीवर दिसण्याची ती पहिलीच वेळ. मैदान मधोमध एकटे, प्रेक्षक लांब अंधारात.

ह्यूस्टनच्या एल्विन हेज याने ३९ गुण केले. लूने कड्यावर अठरा वेळा चेंडू टाकला, चार वेळा गेला. ६९-६९ अशी बरोबरी असताना, अठ्ठावीस सेकंद राहिले असता हेजला दोन फ्री थ्रो मिळाले आणि त्याने दोन्ही साधले. ७१-६९. साखळी तुटली.

डोळ्याचे कारण सांगणे सोपे होते. लूने ते पुढे केले नाही. एका प्रसिद्ध क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हेज लूच्या डोक्यावरून चेंडू टाकतानाचा फोटो छापला. तो लूने आपल्या कपाटाला आतून चिकटवला, रोज कपडे बदलताना दिसावा म्हणून.

या हाराने एका मुलाचे मात्र कायमचे नुकसान झाले, आणि विजयाच्या गोष्टी सांगताना हे बहुधा गाळले जाते. एडगर लेसी हा जुना खेळाडू, गुडघ्याच्या दुखापतीतून वर्षभराने परतलेला. ह्यूस्टनमध्ये त्याला पहिल्या अर्ध्यातच बाहेर बसवले गेले, आणि पुन्हा आत घेतले नाही. नंतर वुडन सर वार्ताहरांना म्हणाले की लेसीला खेळायला जायची इच्छाच दिसली नाही. ते वाचून लेसीने संघ सोडला. मला वुडन सरांबद्दल फार आदर आहे, पण इथे ते चुकले असे मला वाटते. मुलाशी बोलायचे ते मुलाशी बोलावे, चारचौघांत नाही. मोज्यांच्या सुरकुतीची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून ही सुरकुती सुटली. लेसी लूचा मित्र होता. लूने संघ सोडला नाही, पण त्याला ते लागले.

पुन्हा गाठ पडली दोन महिन्यांनी, २२ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत. ह्यूस्टन तोवर ३१ सामने जिंकून अपराजित होते, पहिल्या क्रमांकावर होते. हेज सरासरी ३६हून अधिक गुण करत होता. या वेळी सामना लॉस एंजेलिसमध्ये होता, त्याच फळ्यांच्या घरी.

युसीएलएचे सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांनी एक तोड काढली. चार खेळाडूंनी चौकोनी हिऱ्याच्या आकारात कडे सांभाळायचे, आणि पाचव्याने बाकी सारे सोडून फक्त हेजच्या मागे सावलीसारखे फिरायचे. हेजकडे चेंडू पोचूच द्यायचा नाही. हे सावलीचे काम लिन शॅकलफर्डला दिले. तो संघातला मोठा तारा नव्हता, लांबून चेंडू टाकणारा शांत मुलगा. वुडन सरांना असे खास डावपेच सहसा आवडत नसत, कारण प्रतिस्पर्ध्याचा फार विचार करण्यापेक्षा आपला खेळ नीट करा, असे त्यांचे मत. पण सहायकाचे म्हणणे त्यांनी मानले.

हेजला त्या दिवशी दहा गुण करता आले. युसीएलए १०१, ह्यूस्टन ६९. लूचे गुण १९. आणि गंमत पाहा, लुशियस ॲलनचे १९, माइक लिनचेही १९, आणि सावली होऊन फिरलेल्या शॅकलफर्डचे १७. कर्णधार माइक वॉरनचे १४. एकट्या लूने सूड उगवला अशी कथा वर्तमानपत्रांना सोयीची होती. गुणतक्ता वेगळेच सांगतो. (हा वॉरन साउथ बेंडच्या ज्या शाळेतून आला, त्याच शाळेत वुडन सरांनी एकेकाळी इंग्रजी शिकवले होते.)

दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना, नॉर्थ कॅरोलायनाशी. त्यांनी खेळ मंदावण्याचा, चेंडू आपल्याकडेच फिरवत ठेवण्याचा प्रयत्न केला. लूने ३४ गुण केले. ७८-५५. पाच वर्षांत युसीएलएचे हे चौथे अजिंक्यपद.

बारा दिवसांनी, ४ एप्रिलला, मेम्फिसमध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली.

त्या वर्षी मेक्सिको सिटीला ऑलिंपिक होते. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूने संघात असणे हे सर्वांनी गृहीत धरले होते. लू निवड चाचणीलाच गेला नाही. त्याऐवजी तो न्यूयॉर्कला परतला आणि उन्हाळाभर गल्लीबोळांतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवत राहिला, आणि शाळा सोडू नका असे सांगत राहिला. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने सांगितले की या देशात काळ्या माणसाला आपलेपणा वाटत नाही. त्यावर मुलाखतकाराने त्याला सुचवले की मग दुसरीकडे राहायला जा. धमक्यांची, शिव्यांची पत्रे आली. ‘मग देश सोडून जा’ हे वाक्य ऐकायला कसे लागते, ते मी या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्याच उन्हाळ्यात, १९६८ साली, लूने कलमा पढून इस्लाम स्वीकारला. काळ्या लोकांमध्ये तेव्हा एलाइजा मुहम्मद यांच्या संघटनेचा बोलबाला होता, अलीही तेव्हा त्यांच्याकडेच होते. लू त्या वाटेने गेला नाही. मालकम यांनी हजनंतर जी वाट धरली, ती साऱ्या जगाच्या मुसलमानांची सुन्नी वाट त्याने धरली. आईवडील नाराज झाले. एकुलता एक मुलगा, कॅथलिक घर. त्यांचे दुःख खोटे नव्हते, आणि मुलाचा निर्णयही पोरखेळ नव्हता. अशा वेळी घरात काय होते हे समजायला आपल्याला न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात संघाला हळूहळू कळले. प्रवासात बसमध्ये धर्मावर गप्पा निघत. संघात निरनिराळ्या पंथांची मुले होती, एकमेकांना प्रश्न विचारत. वुडन सर स्वतः रोज बायबल वाचणारे निष्ठावान ख्रिस्ती. त्यांनी लूला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला नाही, टोमणा मारला नाही. ऐकून घेतले. ही त्यांची नुसती सवय नव्हती, त्यामागे त्यांचे आधीचे आयुष्य होते. १९४७ साली इंडियानातल्या एका छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती, आणि संघात क्लॅरेन्स वॉकर हा काळा मुलगा होता. वॉकर काही मुख्य पाचांतला नव्हता. त्याला घरी ठेवून जाणे सोपे होते. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळला.

असे प्रशिक्षक असूनही लूला त्यांच्याशी मनातले सारे बोलता आले असे नाही. किंग यांच्या हत्येबद्दल, ऑलिंपिकबद्दल दोघांत फारसे बोलणे झाले नाही. एक इंडियानाच्या शेतावर वाढलेला, दुसरा हार्लेमच्या दंगलीत. ही दोघांमधली दरी त्या चार वर्षांत पूर्ण बुजली नाही. दोघांनी एकमेकांचे काम मात्र नीट केले. तीन हंगामांत ९० सामने, ८८ विजय, तिन्ही वर्षी अजिंक्यपद. १९६९ साली लू इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडला.

व्यावसायिक खेळात गेल्यावरही दोन वर्षे बाहेर सर्वत्र जुनेच नाव चालू होते. अल्सिंडर हे नाव त्याच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मालकाचे होते, असे तो सांगत असे. मे १९७१मध्ये, मिलवॉकीच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिल्यावर लगेचच, त्याने जाहीर केले की आपले नाव करीम अब्दुल-जब्बार आहे. चाहते चिडले, वार्ताहरांनी कित्येक दिवस जुनेच नाव लिहिले. त्याने अरबी शिकायला घेतली. ज्यांच्याकडून इस्लाम शिकलो त्यांचे शब्द प्रमाण न मानता कुरआन स्वतः समजून घ्यायचा, हा त्यामागचा विचार.

आणि वुडन सरांशी असलेले नाते? ते खरे फुलले ते खेळ संपल्यावर. करीम १९८९मध्ये निवृत्त झाले, दोघे एकमेकांच्या घरी जात, तासन्‌तास पुस्तकांवर आणि कवितेवर बोलत. २०१०मध्ये ९९ वर्षांचे होऊन वुडन गेले. त्याच्या काही वर्षे आधीचा एक फोटो आहे: युसीएलएच्या मैदानावर पाठमोरे दोघे चालले आहेत, वाकलेले म्हातारे मास्तर आणि सात फुटांचा विद्यार्थी, आणि मास्तरांचा हात विद्यार्थ्याने धरला आहे.